मेंगळट व्हॉल्व्ह

रंभाजी भिंगारदिव्यांनी बायको लांबून पसंत केली. लांबून म्हणजे अगदी गावाच्या वेशीवरून. तेव्हा ते शेवगाव तालुक्यात लग्नाला, जयंतीला, यात्रेला लाऊडस्पीकर लावायचे, आणि अमरापूरला पुंजाराम साळव्यांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. रंभाजींनी लिंबाच्या झाडावर कर्णे बांधले, अँप्लिफायरचं मशीन गरम केलं आणि आवाज कुठवर जातोय ते बघायला सवयीप्रमाणे चालत सुटले. वेशीपाशी येईतो पुंजारामचा आवाज पार दबून गेला होता, तबला तर कुठल्या कुठं राहिला होता. तेवढ्यात एका पोरीनं कडवं उचललं. शब्दन्‌शब्द वेशीपर्यंत आला आणि वेस ओलांडून पुढं रानात गेला. "ही पोचती," असं रंभाजी स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांच्या बाजूनं लग्न तिथंच ठरलं. पुंजारामला आणि त्याच्या बहिणीला ते कळायला पुढं बरेच महिने गेले, पण तो तपशील झाला.

ही हकीगत ते आजतागायत सांगत आले आहेत. 'ही पोचती' म्हटलं की थांबायचं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, हेही ठरलेलं. भिमाबाई त्या वेळी हमखास मेथी निवडत असतात. मान वर न करता त्या म्हणतात, "जवळनं बघितलं असतं तर आनखी लांब पळाले असते."

गंमत अशी, की ज्या गळ्याच्या भरवशावर हा संसार उभा राहिला तो गळा लग्नानंतर वर्षभरातच बंद झाला. कुणी गाऊ नको म्हटलं नव्हतं. पोरं, स्वयंपाक, शेळ्या अशी कारणं भिमाबाई देत गेल्या. रंभाजींना ती पटत नव्हती, पण विचारून विचारून माणूस किती विचारणार? पुढं पोरं मोठी झाली, शेळ्या विकल्या गेल्या, आणि कारणांशिवायच न गाण्याची सवय होऊन गेली.

गाण्याची खूण म्हणून एक रेकॉर्ड तेवढी होती. पुंजारामनं एकदा पार्टी घेऊन पुणं गाठलं होतं आणि छोटी रेकॉर्ड काढून आणली होती. वर मोठ्या अक्षरात पुंजाराम साळवे, खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'. त्यातलं दुसरं कडवं एकट्या भिमाबाईंचं. रंभाजींनी आपली प्रत कर्ण्यावर इतकी वाजवली की ती घासून घासून खरखरायला लागली. भिमाबाईंची प्रत मात्र ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली होती. तिला सुई म्हणून लागली नव्हती.

हे सगळं असंच पडून राहिलं असतं, पण घरात दीपा आली. दीपा म्हणजे मुलाची, योगेशची बायको, अंगणवाडीत शिकवणारी. एखादी गोष्ट तिनं मनावर घेतली की ती समोरच्याच्या मनावर बसेपर्यंत ती सोडत नाही. योगेश नागापूरच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो आणि सुट्टीला घरी येतो, त्यामुळं घरात खरा कारभार हिचाच. यंदा बुद्ध पौर्णिमेला विहारातल्या बायकांनी पुंजारामचं ते गाणं बसवायचं ठरवलं. पुंजाराम जाऊन वर्षं झाली. पार्टीतलं कुणी उरलं नाही, उरल्या त्या एकट्या भिमाबाई. दीपानं त्यांना पुढं घातलं.

भिमाबाईंनी साफ नाही म्हटलं.

"का पण, आई?"

"त्या रेकॉर्डीत गानारी बाई मी न्हवंच. मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यागत वरडती ती. ते काय शिकवायचं पोरींना?"

पलीकडच्या खोलीत बसलेल्या रंभाजींना हे लागलं. ज्या आवाजावर आपण भाळलो, जो आपण चाळीस वर्षं लोकांना वर्णन करून सांगितला, त्याला मांजर? ते उठून आले. "ती तूच हाय. मी वेशीवरनं ऐकलंय."

"वेशीवरनं काय बी ऐकू येतं."

वाद बराच वेळ चालला. शेवटी भिमाबाईंनीच तोड काढली, ती सुटका व्हावी म्हणून. "माझी कोरी रेकॉर्ड हाय ती एकदाच वाजवा. दोनदा न्हाई. ऐकून मला वाटलं की व्हय, ही मी हाय, तर शिकवीन. न्हाई वाटलं तर परत ह्या घरात गान्याचं नाव काढायचं न्हाई. दीपानंबी न्हाई आनि तुमीबी न्हाई."

दीपानं सासऱ्याकडं बघितलं. रंभाजींनी मान डोलावली. आता सगळं त्या एका वाजवण्यावर आलं होतं, आणि वाजवणारे ते होते.

योगेशला फोन गेला. त्यानं नगरहून कुणाकडचा तरी जुना पण धड प्लेअर आणला, नाजूक सुईचा. जुनी कर्ण्यावरची सुई दांडगी असायची, कोऱ्या रेकॉर्डीला ती लावणं म्हणजे नव्या लुगड्याला खिळा लावणं. पण नाजूक सुईतून आवाजही तसाच निघतो, इतका क्षीण की मोठ्या मशीनला तो ऐकूच जात नाही. मधे कुणीतरी तो उचलून, नीटनेटका करून पुढं द्यावा लागतो. त्या मधल्याला प्रीअँप्लिफायर म्हणतात. रंभाजी नुसतं 'प्री' म्हणतात.

"आबा, प्री तयार मिळतो की. हाताएवढा असतो, चिपवाला," योगेश म्हणाला.

"मिळतो. शिळ्या भाकरीगत लागतो. माझ्याकडं व्हॉल्व्ह हायेत."

व्हॉल्व्ह होते खरे. काचेचे, अंगठ्याएवढे, आतली तार तापली की नारिंगी उजळणारे. रंभाजींचा धंदा त्यांच्यावरच चालला. पुढं व्हॉल्व्हची मशीनं मोडीत निघाली, तेव्हा मोडीत घालायच्या आधी रंभाजींनी प्रत्येकाचे व्हॉल्व्ह उपटून घेतले आणि योगेशच्या शाळेच्या जुन्या मोज्यांत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. भिमाबाई त्या डब्याला आजवर 'सवतीचा डबा' म्हणत आल्या.

योगेशनं पॅनेलच्या पत्र्याची पेटी करून दिली, रंभाजींनी चष्म्यावर चष्मा चढवून सोल्डरचे डाग दिले, आणि दोन व्हॉल्व्हांची दोन घरं असलेला प्री उभा राहिला. दुसऱ्या घराचं फारसं काही नव्हतं. योगेशनं कुरिअरनं मागवलेला नवाकोरा रशियन व्हॉल्व्ह तिथं बसवला, चकचकीत आणि गप्प. रंभाजींनी त्याचं नाव 'नवरदेव' ठेवलं. पण पहिलं घर म्हणजे सगळं काही. सुईतून आलेला आवाज पहिल्यांदा त्याच्याच हाती पडतो. तो गुणगुणला, खरखरला, तर पुढं सगळीकडं तीच गुणगुण मोठी होऊन जाते. त्या घरात कोण बसणार ते ठरायचं होतं.

मग रंभाजींना सुख लागलं. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी चहा झाला की डबा उघडायचा, एक मोजा सोडायचा, व्हॉल्व्ह बसवायचा आणि तो नीट तापेपर्यंत दुसरा चहा मागायचा. तापताना काचेवरची जुनी धूळ जळल्याचा वास यायचा. त्या वासानं त्यांना मांडव, गुलाल, बुंदी असं सगळं आठवायचं आणि ते विनाकारण हसायचे. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर हलकेच टिचकी. काही व्हॉल्व्ह टिचकी खाऊन गप्प राहायचे. काही स्पीकरमधून टण्णकन ओरडायचे आणि बराच वेळ घुमत बसायचे. तसल्यांची रवानगी थेट मोज्यात. एक जण नुसता हुंदके देत राहायचा, त्याचं नाव 'रडका'. ओळखू यावेत म्हणून रंभाजी प्रत्येकाला दीपाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे.

"मामा, ती बाटली नवी होती," दीपा म्हणायची.

"व्हॉल्व्हची नखं रंगवली. तुझी उरल्यावर रंगव."

टिचकीतून पास झालेल्यांची खरी परीक्षा पुढं होती, आणि ती रंभाजींच्या पद्धतीची होती. शहनाईची रेकॉर्ड लावायची, दार-खिडक्या सताड उघडायच्या आणि घराबाहेर पडायचं. गल्लीतून विहारावरून चालत पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं, तिथं लिंबाखाली उभं राहून कानामागं हात धरायचा. धंद्यातला त्यांचा सगळा जन्म असाच गेलेला. मशीनपाशी बसून आवाज ठरवणारा माणूस त्यांच्या लेखी कच्चा. कर्ण्याला खर्ज सोसत नाही, त्याच्या आतलं युनिट फाटतं, म्हणून खर्जाचं बटण शून्यावर ठेवायचं, आवाजाला धार काढायची आणि लांब जाऊन ऐकायचं, हे त्यांच्या हाडामांसात भिनलेलं होतं. आता कर्णा नव्हता, योगेशच्या खोलीतले दोन लाकडी स्पीकर होते. पण सवयीला कोण सांगणार?

गिरणीवाले अंगद पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून विचारायचे, "नाना, कुनाचं लगीन हाय?"

"माझंच. दुसऱ्यांदा."

आठवडाभराच्या येरझाऱ्यांनंतर एक व्हॉल्व्ह निवडला गेला. उंच, तिखट, लाल ठिपक्याचा. शहनाईचा सूरन्‌सूर गिरणीच्या धडधडीतूनही लिंबाखाली येत होता. रंभाजींनी त्याला 'कोतवाल' म्हटलं आणि वर्दी मिळाल्यागत पहिल्या घरात बसवलं. सगळ्यांत शेवटी एक धुरकट काचेचा, नंबर पुसलेला व्हॉल्व्ह होता. टिचकीला गप्प, गुणगुण नाही, पण शहनाई विहाराच्या पुढं जाईना. गिरणीपाशी तर नुसतीच गिरणी. "मेंगळट," असा शेरा मारून रंभाजींनी त्याला ठिपकासुद्धा न देता बाजूला ठेवला.

पुढच्या सुट्टीला योगेश आला. दुपारी जेवणं झाल्यावर भिमाबाईंनी ट्रंकेतून रेकॉर्ड काढून आणली आणि पलंगावर भिंतीला टेकून बसल्या. मांडीवर नात होती. दीपा जमिनीवर बसली. भिमाबाईंना बोलायची लहर आली होती, मनातून त्या घाबरल्या असाव्यात. पुण्यातली ती काचेची खोली, कानाला डबे लावलेला साहेब, असं काय काय त्या सांगायला लागल्या.

"साहेब म्हनला, बायांनो, बांगड्या उतरा, आवाज येतो. समद्यांनी उतरल्या. माझ्या निघंनात. आदल्याच दिशी कासारानं साबन लावून चढवल्या हुत्या, घट्ट. साहेब म्हनला फोडा. म्या म्हनलं, चांगल्या बांगड्या कोन फोडतं? मला न्हाई गायचं. मग दादानं आपला रुमाल काढून माझ्या हाताला गुंडाळला."

"आणि मग?"

"मग काय. हात असा पोटाशी धरून गायले."

रंभाजींनी सुई ठेवली आणि दाराकडं निघाले. ते गिरणीकडं जाणार हे इतकं ठरलेलं होतं की कुणाला त्यात नवल वाटलं नाही. विहारापाशी पोचले तोवर मुखडा सुरू झाला होता. शब्दन्‌शब्द येत होता. त्यांचा ऊर भरून आला. आता पुंजारामचं कडवं, मग तिचं. ते लिंबाखाली पोचले, कानामागं हात नेला, आणि गाणं मधेच तुटलं.

ते जवळजवळ धावतच घरी आले. सुई योगेशनं उचलली होती, आईच्या सांगण्यावरून. पुंजारामचं कडवं अर्धंच झालं होतं. भिमाबाई नातीला थोपटत होत्या आणि त्यांचे डोळे ओले होते.

"काय झालं?"

"हा दादा न्हाई," भिमाबाई म्हणाल्या. "दादाचा आवाज कसा, रांजनातनं आल्यागत यायचा. हा पत्र्यावरनं येतोय. दादाच दादा न्हाई तर म्होरं मी कुठली मी असनार? ऱ्हाऊ द्या."

"आगं, गिरनीपाशी एवढा झ्याक..."

"मी काय गिरनीपाशी ऱ्हाते व्हय?" त्या एकदम म्हणाल्या. "जल्मभर तुमी लांबनं ऐकलं. लग्न झालं त्या साली जयंतीला चौकात रेकॉर्ड लावली हुती तुमी. मी नळावर हुते. शेजारची बाई म्हनली, कोन गं ही, कानात खिळा ठोकती नुसता. तिला काय ठावं मी कोन. समद्या हसल्या. मीबी हसले. मग मला तोंड उघडाया लाज वाटाया लागली, ती वाटलीच."

रंभाजी दारातच उभे होते. इतक्या वर्षांत हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची जयंती त्यांना चांगली आठवत होती, कारण कर्णा चौकातून थेट पैठण रस्त्यापर्यंत ऐकू गेला होता आणि ते दिवसभर ऐटीत फिरले होते. त्याच आवाजानं बायको नळावर मान खाली घालून उभी होती. त्यांना फार वाईट वाटलं. मुकाट्यानं त्यांनी कोतवालाला फडक्यात धरून काढलं आणि मोज्यात कोंबलं.

दोन-चार दिवस घरात गाण्याचं नाव निघालं नाही. करार तो करार. विहारातल्या बायकांनी दुसरं कुठलंसं गाणं काढलं. रंभाजींना काही सुचेना, डबा आवरावा म्हटलं तर हात होईना.

एका दुपारी नात झोपेना. दीपा कंटाळून म्हणाली, "मामा, शहनाई लावा ना बारीक. तुमच्या त्या ओरडणाऱ्यांपैकी नको कोणी. गप्प असेल असा लावा." रंभाजींनी हात डब्यात न घालता टेबलावर ठिपक्यावाचून पडलेला मेंगळट उचलला. पोरीला झोपवायला तोच बरा. तो तापला, शहनाई सुरू झाली, आणि कुठं जायचं नव्हतं म्हणून रंभाजी खाटेवर बसून राहिले.

भिमाबाई उंबऱ्याजवळ मेथी निवडत होत्या. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

"ह्ये कोन?"

"शहनाई हाय की. तीच."

"शहनाई न्हवं. डब्यातला कोन म्हनते मी."

"मेंगळट. काई कामाचा न्हाई. विहाराच्या म्होरं जात न्हाई."

"कशाला जायाला पायजे?" भिमाबाई म्हणाल्या. "वाजवनारा दम घेतोय बगा. त्याच्या फुंकीचा आवाज येतोय."

रंभाजींनी कान दिला. खरंच, दोन सुरांच्या मधे माणसाचा श्वास होता. ही रेकॉर्ड त्यांनी हजार लग्नांत वाजवली असेल. शहनाईवाला श्वास घेतो हे त्यांच्या कधी कानावर आलं नव्हतं, कारण श्वास वेशीपर्यंत जात नाही.

शहनाई संपली तेव्हा भिमाबाई आत गेल्या होत्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. पदराला हात पुसत, रेकॉर्ड घेऊन त्या बाहेर आल्या.

"एकदाच म्हनली हुतीस," रंभाजी म्हणाले. त्यांना हसू दाबता येत नव्हतं.

"त्या दिशी पुरी कुटं वाजली? अर्धी ऱ्हाइलीये. उरल्याली वाजवा." मग खाटेवर हात आपटून म्हणाल्या, "आनि हितं बसा. दाराकडं बघायचंबी न्हाई."

रंभाजींनी सुई सुरुवातीलाच ठेवली. अर्ध्यापासून कुठं लावणार? मुखडा झाला. पुंजाराम गायला लागला, आणि भिमाबाईंनी डोळे मिटले. जाड, ओलसर, रांजणातून आल्यासारखा आवाज. नातीला खांद्यावर टाकून दीपा दारात येऊन उभी राहिली. तिनं पुंजाराममामाला कधी पाहिलं नव्हतं.

"दादा," भिमाबाई हळूच म्हणाल्या. बस, तेवढंच.

कडवं संपलं. ढोलकीचे दोन हात झाले. आणि मग, गाणं सुरू व्हायच्या आधी, अगदी बारीक किणकिण झाली. काचेची.

भिमाबाईंनी डोळे उघडले. त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता, नकळत. "रुमाल सुटला हुता," त्या म्हणाल्या. "हितं. हितंच सुटला. दादानं डोळं वटारलं माझ्याकडं."

आणि पोरीनं श्वास घेतला आणि गायला लागली.

'तेल सरू दे, वात राहू दे, उजेड नेते मी पुढं...'

हा रंभाजींचा आवाज नव्हता. म्हणजे वेशीवर त्यांना जो सापडला होता, तो नव्हता. त्यात धार नव्हती. थोडा घाबरलेला, थोडा हट्टी, 'पुढं'वर जरासा खाली बसणारा, मातीच्या चुलीजवळ बसून कुणी बोलावं तसा तो आवाज होता. रंभाजींना क्षणभर वाटलं, आपण बायको भलत्याच आवाजावरून पसंत केली. मग शेजारी बसलेल्या बाईकडं त्यांनी बघितलं. हाच आवाज इतकी वर्षं त्यांना जेवायला हाक मारत होता, पोरांना रागावत होता, दुखण्यात उशाशी बसून बोलत होता. तो त्यांना लांबून कधीच ऐकू आला नव्हता, आणि जवळून ऐकताना ते कधी ऐकत नव्हते.

गाणं संपलं. सुई शेवटच्या चरीत फिरत राहिली, पण ती उचलायला कुणी उठलं नाही.

"मग?" दीपानं विचारलं. "कोण आहे ती?"

"मीच की," भिमाबाई म्हणाल्या. "दुसरं कोन बांगड्या घालून जानार हाय साहेबाच्या खोलीत?" आणि लगेच, "'उजेड' म्हनताना घाई केली म्या. तुमी पोरींनी तशी करू नगा."

रंभाजींनी नेलपॉलिशची बाटली मागितली. दीपानं कुरकुर न करता दिली. मेंगळटाच्या धुरकट काचेवर, पुसलेल्या नंबराच्या जागी, त्यांनी चांगला मोठा ठिपका काढला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार भरून गेला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका माइकमागं ओळीत उभ्या होत्या आणि मधोमध भिमाबाई. साउंडचं काम अर्थातच रंभाजींकडं. त्यांनी खर्जाचं बटण शून्यावरून वर आणलं, धार कमी केली, आणि पुढच्या सतरंजीवर, माइकपासून हातभर अंतरावर जाऊन मांडी घातली. बांगड्या काढा असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दीपा वाकून कानाशी आली. "मामा, मागं गिरणीपर्यंत जातंय का, बघून येता? अंगदकाका मुद्दाम गिरणी उघडी ठेवून बसलेत."

"त्याला हिकडं बोलाव," रंभाजी म्हणाले. "मी न्हाई उठत."

ढोलकीचे दोन हात झाले. भिमाबाईंनी हात पोटाशी धरला, बांगड्या वाजल्या, आणि त्यांनी श्वास घेतला. तो रंभाजींना ऐकू आला.